दिसणारा टोळ, न दिसणारा रातकिडा



विषय छापून आल्यापासून ओळखीच्या माणसांनी मला दोनच प्रश्न विचारले. किडे खाण्यावर तासभर काय बोलणार, हा एक. आणि हलालच्या भानगडीत तुम्ही कशाला पडता, हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर आधी देतो. माझी नोकरी अन्नतंत्रज्ञानात आणि मालाबरोबर जाणाऱ्या कागदांत गेली. काय हलाल, काय हराम याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही, आणि आज मी तो करणारही नाही. पण खाण्याची वस्तू एका देशातून निघून दुसऱ्या देशाच्या बंदरात लागते तेव्हा तिला कोणकोण काय काय विचारतो, हे सांगता येईल. हलाल म्हटले की आपल्याकडे अलीकडे आवाज चढतात. आखातातल्या आयातदाराच्या टेबलावर मात्र ती अटींची एक यादी असते. आपल्या सरकारनेसुद्धा २०२४ मध्ये, ठरावीक देशांत हलाल म्हणून जाणाऱ्या मांसाला मान्यताप्राप्त यंत्रणेचा दाखला सक्तीचा केला. व्यापार म्हटला की हे आलेच.

आता किड्यांकडे येतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली खाद्य किड्यांवर एक जाडजूड अहवाल काढला. जगात सुमारे दोनशे कोटी माणसांच्या आहारात किडे असतात आणि खाल्ल्या जाणाऱ्या जाती १९००हून जास्त आहेत, असे त्यात म्हटले होते. दोनशे कोटींच्या आकड्यावर पुढे बरीच टीका झाली, पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. युरोप-अमेरिकेत कंपन्या निघाल्या, भांडवल आले. किलोभर रातकिडा वाढवायला पावणेदोन किलोच्या आसपास खाद्य पुरते, गुरांना त्याच्या कितीतरी पट लागते, हा हिशोब प्रत्येक सादरीकरणात झळकू लागला. अडचण एकच होती. गिऱ्हाईक किडा बघून तोंड फिरवत होते. तोडगाही लगेच सापडला: किडा वाळवायचा, दळायचा, पूड करायची आणि ती बिस्किटात, पास्त्यात, प्रोटीन बारमध्ये घालायची. दिसला नाही म्हणजे किळस येणार नाही.

मला आज जे मांडायचे आहे ते इथूनच सुरू होते. किड्यांची प्रथिने विकणाऱ्यांची सगळी भिस्त किडा दिसू नये यावर आहे, आणि हलालच्या बाजारात नेमके तेच त्यांच्या मुळावर येते.

किडा खाणे मुस्लिम जगाला नवे आहे अशी पुष्कळांची समजूत असते. सौदी अरेबियात कसीम प्रांतातल्या बुरैदाच्या बाजारात हिवाळ्यात टोळ विकायला येतात, पोत्यांनी येतात. रात्री गारठ्याने झुडपांवर सुस्त बसलेले टोळ गोळा करायचे, जिवंतच पोत्यात भरायचे, बाजारात आणायचे. कुवेतमध्येही हा माल सौदीतून येतो. घरी नेऊन मिठाच्या पाण्यात उकळतात. काही जण तसेच खातात, काही वाळवून ठेवतात. खाताना डोके, पंख, पाय काढून टाकायचे. कोळंबी सोलणाऱ्या आपल्या मंडळींना हे काही शिकवावे लागणार नाही. अंड्यांनी भरलेल्या मादीला भाव जास्त. जुन्या पिढीला त्याची चटक, तरुण नाक मुरडतात. सरकारे मात्र दर मोसमात बजावतात की फवारणी झालेला टोळ खाऊ नका. टोळधाडीवर औषध मारले की तेच विष पोत्यात येते. २०१९-२०च्या मोठ्या धाडीत ही भीती खरीच होती. त्याच धाडीतले थवे मे २०२० मध्ये आपल्या अमरावती-नागपूरकडे उतरले होते, तेव्हा आपणही फवारलेच की.

टोळाला मोकळीक आहे ती थेट हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या वचनांतून. मेलेला प्राणी खाणे निषिद्ध, पण त्याला दोन अपवाद: मासा आणि टोळ. पैगंबरांबरोबरच्या सहा-सात मोहिमांत आम्ही टोळ खाल्ले, अशी अब्दुल्ला इब्न अबी औफा यांची साक्ष बुखारीच्या संग्रहात आहे. त्यामुळे टोळावर सुन्नी पंथांत वाद जवळजवळ नाही. सुरी फिरवावी लागते की नाही, एवढाच काय तो फरक, आणि बहुतेकांच्या मते लागत नाही.

टोळ ओलांडला की मात्र रस्ते फुटतात. हनफी, शाफिई आणि हंबली या तीन मजहबांचा, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरांचा, सर्वसाधारण कौल असा की बाकीचे किडे किळसवाणे, म्हणून वर्ज्य. मालिकी मजहब वेगळे सांगतो. अपाय होत नसेल तर किडा खाता येतो, पण तो आपोआप मेलेला चालत नाही. अल्लाचे नाव घेऊन, तसा हेतू धरून त्याला मारले पाहिजे. मग ते उकळून असो, भाजून असो की तोडून.

रत्नागिरीच्या श्रोत्यांना हा मजहबांचा फरक पुस्तकातून समजावून सांगण्याची गरज नाही. आपले कोकणी मुसलमान शाफिई. घाटावरचे, मराठवाड्यातले बहुतेक मुसलमान हनफी. शाफिईंना समुद्रातली कोळंबी, शेवंड सरसकट चालते. हनफींच्या मते समुद्रातला फक्त मासा हलाल, आणि मग कोळंबी मासा आहे की नाही यावर त्यांच्याच उलेमांत शतकानुशतके वाद. म्हणजे मिरकरवाड्याच्या एकाच टोपलीतली कोळंबी एका मुसलमान घरात बिनदिक्कत शिजते आणि दुसऱ्या घरात कोणी ती मकरूह, म्हणजे नापसंत, म्हणून बाजूला सारतो. आणि ज्या शाफिई पंथाचे आपले कोकणी लोक, त्याच पंथाचे इंडोनेशिया आणि मलेशिया. हिंदी महासागराच्या मोसमी वाऱ्यांवर जहाजे गेली आणि जहाजांबरोबर मजहब गेला. त्या देशांबद्दल मी पुढे जे सांगणार आहे, ते आपल्या राजिवड्यातल्या माणसालाही लागू होणारे आहे.

कोळंबीचा उल्लेख मी उगाच केलेला नाही. युरोपीय संघाने किडे असलेल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टणावर एक सूचना सक्तीची केली आहे: कवचधारी जलचर आणि धुळीतले बारीक जीव यांची ॲलर्जी असणाऱ्यांना हा पदार्थ बाधू शकतो. कोळंबी आणि रातकिडा यांच्या स्नायूंतले एक प्रथिन इतके सारखे आहे की शरीराला फरक कळत नाही. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने दोघे लांबचे भाऊबंद. फिक्हच्या, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या, ग्रंथांत मात्र एक समुद्राच्या प्रकरणात आणि दुसरा जमिनीवरच्या कीटकांच्या प्रकरणात पडतो.

आता युरोप. नवीन खाद्यपदार्थांविषयीचा तिथला नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाला. त्याखाली जून २०२१ मध्ये भुंगेऱ्याच्या पिवळ्या अळीला परवानगी मिळाली, नोव्हेंबरमध्ये टोळाला, फेब्रुवारी २०२२ मध्ये घरगुती रातकिड्याला. जानेवारी २०२३ मध्ये व्हिएतनाममधल्या एका कंपनीच्या अर्जावरून रातकिड्याची अंशतः चरबी काढलेली पूड मान्य झाली. ती कशाकशात घालता येईल याची यादी वाचण्यासारखी आहे: पाव, क्रॅकर, बिस्किटे, पास्ता, सूप, पिझ्झा, चॉकलेटचे पदार्थ, बिअरसारखी पेये. वेष्टणावर नाव लिहावे लागते, ‘अकेटा डोमेस्टिकस’ आणि कंसात ‘घरगुती रातकिडा’. बारीक अक्षरांत, घटकांच्या यादीत, मीठ आणि फुगवणारे द्रव्य यांच्या आसपास कुठेतरी. आता कतारमध्ये, दोह्यातल्या सुपरमार्केटमध्ये मुलांना बिस्किटाचा पुडा घेणारी आपली चिपळूणची बाई हे परके बारीक अक्षर वाचून काय समजणार?

हा प्रश्न कतारलाही पडला. २०२३च्या सुरुवातीला तिथल्या सार्वजनिक आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की किडे किंवा त्यांच्यापासून काढलेली प्रथिने हलाल अन्नाच्या आखाती तांत्रिक नियमांत बसत नाहीत. युरोपच्या निर्णयानंतर लवकरच हा खुलासा आला. कतारमध्ये रातकिड्याचे पोते उतरेल ही भीती कोणालाच नव्हती. धास्ती होती ती युरोपातून रोज येणाऱ्या पावा-बिस्किटांची.

ही धास्ती किती साधार आहे ते जकातीच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत दिसते. २०२२ पर्यंत खाण्याच्या किड्यांना स्वतःचा आकडासुद्धा नव्हता. ‘इतरत्र न आलेले प्राणिजन्य खाद्यपदार्थ’ या गाठोड्यात, कासवाची अंडी आणि पाखरांची घरटी यांच्या पंगतीत ते बसत. २०२२च्या सुधारणेत त्यांना ०४१०.१० हे उपशीर्षक मिळाले. सॉसेजच्या १६०१ या शीर्षकातही ‘मांस, रक्त किंवा किडे’ असे शब्द आले. आखात आणि इंडोनेशिया ही वर्गवारी पाळतात, आपणही पाळतो. पण तयार पदार्थात किड्याचे प्रमाण वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत असेल, तर तो मांसाच्या प्रकरणात जात नाही. बिस्किट १९०५मध्येच राहते. म्हणजे कस्टम अधिकाऱ्याच्या पडद्यावर रातकिडा असलेले आणि नसलेले बिस्किट एकाच आकड्याने येते. क्लिअरिंग एजंटने काही लपवलेले नसते. लपायला जागा वर्गवारीनेच दिलेली असते. उरतो तो पुडा, त्यावरचे बारीक अक्षर आणि संशय आलाच तर प्रयोगशाळेत पीसीआरने जात ओळखण्याची तपासणी.

समजा एखाद्या प्रामाणिक आयातदाराने ठरवले की सगळे उघड करायचे. थायलंडमधून, जिथे रातकिडे पाळणारी हजारो शेते आहेत तिथून, पुडीची खेप आणायची आणि हलाल दाखला मिळवायचा. तपासनीस त्याला काय विचारेल? पहिला प्रश्न जातीचा. रातकिडा टोळ आहे का? शास्त्रीय दृष्ट्या दोघे एकाच गणातले, पण उपगण वेगळे. टोळाची मोकळीक रातकिड्यापर्यंत ताणता येते असे मानणारे उलेमा आहेत, ताणू नये म्हणणारेही आहेत. दुसरा प्रश्न मारण्याचा. शेतावर रातकिडे बहुधा गोठवून किंवा उकळत्या पाण्यात टाकून मारतात, एकेका फेरीत लाखांनी. मालिकी मताचा आधार घ्यायचा तर नाव घेऊन, हेतूने मारणे आले. मग बटण दाबणारा माणूस बिस्मिल्ला म्हणतो का, आणि एकदा म्हटलेले किती टोपल्यांना पुरते? कोंबड्यांच्या यांत्रिक कत्तलीत हा वाद आधीच झालेला आहे, तोच इथे येतो. तिसरा प्रश्न खाद्याचा. घाणीवर वाढलेल्या जनावराला अरबीत जल्लाला म्हणतात. काही काळ स्वच्छ चाऱ्यावर ठेवल्याशिवाय ते खाऊ नये असा दंडक. किड्यांच्या बाबतीत हा मुद्दा फार मोलाचा, कारण कचऱ्यावर वाढतो हीच तर किड्याची जाहिरात! युरोपात विष्ठा आणि खानावळीतले खरकटे किड्यांना घालायला बंदी आहे, आणि रातकिड्याला मारण्यापूर्वी चोवीस तास उपाशी ठेवून आतडे रिकामे करण्याची अट आहे. ही अट जंतूंच्या भीतीने घातलेली आहे, पण हलालच्या तपासनीसाला ती आयती उपयोगी पडते.

चौथा प्रश्न मला सगळ्यात रंजक वाटतो. दळल्यावर वस्तू बदलते का? दारूचे व्हिनेगर झाले की ती दारू राहत नाही, या बदलाला इस्तिहाला म्हणतात. हनफी आणि मालिकी परंपरेत ही सवलत सैल, शाफिईंकडे फार आखडती. काही विक्रेते मोठ्या हुशारीने म्हणतात की पुडीत किडा उरलाच कुठे? पण वाळवणे आणि दळणे यांनी वस्तू बदलते असे कोणताही मजहब मानेल असे मला वाटत नाही. दळलेली मिरची मिरचीच असते.

इथे इंडोनेशियाकडे वळतो, कारण तिथे हे सगळे प्रश्न प्रत्यक्ष सोडवावे लागले. २००० साली तिथल्या उलेमा परिषदेने रातकिडे आणि गांडुळे यांवर एक फतवा दिला. जावात रातकिडे पाळतात ते मुख्यतः गाणाऱ्या पिंजऱ्यातल्या पाखरांना घालायला. त्या पाखरांच्या स्पर्धा लागतात, शौकीन पैसा ओततात. परिषदेने म्हटले की रातकिडा टोळाच्या जातीचा आहे, अपाय होत नसेल तर खायला हरकत नाही. गांडुळाबाबत मालिकी मताचा उल्लेख केला आणि बहुसंख्यांचे मत निषेधाचे आहे हेही नोंदवले. शाफिई देशातल्या परिषदेने हे म्हणावे याला महत्त्व आहे.

पुढची गोष्ट रंगाची. निवडुंगावर पोसणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून कारमाइन हा लाल रंग काढतात. किलोभर रंगाला लाखाहून जास्त किडे लागतात, आणि सगळ्यात जास्त माल पेरू देशातून येतो. दही, सरबत, गोळ्या, आइस्क्रीम यांत तो ई १२० या नावाने असतो. म्हणजे रातकिड्याच्या पुडीबद्दल कोणी तोंड उघडण्याच्या कितीतरी आधीपासून मुस्लिम जग किडा गिळत होते. फक्त आकड्याच्या बुरख्याआड. आपल्या झारखंडातली लाखही तशीच चॉकलेटच्या आणि औषधी गोळ्यांच्या चकाकीत ई ९०४ म्हणून जाते. इंडोनेशियाच्या परिषदेने २०११ मध्ये कारमाइन हलाल ठरवले: वाहते रक्त नसलेला किडा, त्याच्यापासून फायदा, अपाय नाही. सगळे सुरळीत चालले होते. २०२३ मध्ये नहदलतुल उलेमा या देशातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम संघटनेच्या पूर्व जावा शाखेने मात्र उलट निर्णय दिला. शाफिई ग्रंथांप्रमाणे मेलेला किडा नापाक, म्हणून त्याचा रंगही हराम. परिषद म्हणते आमचा फतवा कायम, दाखला कायम. आणि घराघरांत माणसे डबे उलटे करून बारीक अक्षरे वाचू लागली. एका दह्याच्या वाटीत दोन फतवे.

आता याच देशात योग्यकार्ताजवळ गुनुंगकिदुल नावाचा कोरडा, चुनखडीच्या डोंगरांचा प्रदेश आहे. तिथे रस्त्याच्या कडेला टोळ विकतात. कुठे काडीला ओवलेले ताजे, कुठे बरणीत भरलेले तळलेले, लसूण-धण्याच्या मसाल्यातले. पर्यटक घेऊन जातात. पावसाच्या सुरुवातीला सागाच्या झाडांखालची अळी आणि कोशही गोळा करून तळतात. विकणारी बाई हिजाब घातलेली, घेणारा नमाजी. तिथे कोणी फतवा विचारत नाही. टोळ समोर आहे, त्याचे पाय दिसतात, काय खातो ते खाणाऱ्याला ठाऊक आहे. ज्याला चालत नाही तो पुढे जातो. संशय सगळा कारखान्यातून आलेल्या वाटीवर.

म्हणून मी म्हणतो की पूड ही विक्रीची युक्ती युरोपात चालेल, हलालच्या बाजारात चालणार नाही. हलालचा सगळा व्यवहार वस्तूला नाव देण्यावर उभा आहे. जात कोणती, कशी मेली, काय खाऊन वाढली, कोणी पाहिले. जे नाव लपवते त्याला हा बाजार आधी हराम समजतो आणि मग चौकशी करतो. मालिकी मत सोयीचे म्हणून त्याच्या आधाराने शाफिई देशात पूड रेटणाऱ्या विक्रेत्यांबद्दल मला सहानुभूती नाही. ज्या गिऱ्हाइकाला खायचे आहे त्याचा मजहब सोडून आपल्या नफ्याचा मजहब निवडायचा, हा कुठला न्याय?

मग टोळच का आणत नाहीत, असे कोणी विचारेल. युरोपात त्यालाही परवानगी आहे. पण त्याला ताजा हिरवा चारा लागतो, त्यामुळे तो महाग. रातकिडा सहा आठवड्यांत कोरड्या खाद्यावर तयार होतो. धर्माला चालणारा किडा परवडत नाही आणि परवडणाऱ्यावर एकमत नाही, अशी ही कोंडी आहे.

त्यातच प्रथिनांच्या आकड्यांतही थोडी फुगवाफुगवी आहे. प्रथिने मोजायची म्हणजे नायट्रोजन मोजायचा आणि ६.२५ने गुणायचे. किड्याच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, तो प्रथिन नव्हे. अळ्यांसाठी ४.७६ हा गुणक सुचवणारे संशोधन २०१७ मध्ये आले. हिशोब केलात तर साठ टक्क्यांचे पंचेचाळीस-सेहेचाळीस होतात. आपली हरभऱ्याची डाळ वीस-बावीस टक्के प्रथिने देते आणि ती मिळवायला कोणाचा फतवा लागत नाही. कंपन्यांचीही दमछाक झाली. फ्रान्समधली इन्सेक्ट ही या धंद्यातली सगळ्यात गाजलेली कंपनी सप्टेंबर २०२४ मध्ये देणेकऱ्यांपासून संरक्षण मागायला न्यायालयात गेली.

किडा हलाल बाजारात शिरेल तो मागच्या दाराने, माशांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यातून, असा माझा अंदाज आहे. युरोपने मत्स्यशेतीत त्याला २०१७ मध्ये आणि कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात २०२१ मध्ये मोकळीक दिली. कोंबडी एरवीही किडे टिपतेच. तिने काय टिपले यावरून कोणी तिला हराम म्हटले नाही. जल्लालाचा प्रश्न तिथेही येईल, पण तो सुटणारा आहे.

थेट ताटात येऊ पाहणाऱ्यासाठी इंडोनेशियाने एक सरळ वाट ठेवली आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. तिथला २०१४ चा हलाल कायदा अन्नाला दाखला सक्तीचा करतो. आयात मालाला शेवटची मुदत १७ ऑक्टोबर २०२६ दिलेली आहे. पण हराम घटक असलेल्या मालावर तो बंदी घालत नाही. अशा मालाने दाखला मागायचा नाही आणि वेष्टणावर ‘हलाल नाही’ असे स्पष्ट लिहायचे, एवढीच अट. रातकिड्याची पूड विकणाऱ्याने हे दोन शब्द ठळक छापले, शेजारी रातकिड्याचे चित्र काढले, आणि दुकानात वेगळी फळी घेतली, तर कायदा त्याला अडवत नाही. गिऱ्हाईक किती मिळेल ते त्याने बघावे. २००० चा फतवा मानणारे तरीही घेतील, न मानणारे वळून जातील, आणि डबा उलटा करून बारीक अक्षरे वाचायची पाळी कोणावर येणार नाही.

एवढे बोलून थांबतो. प्रश्नांना वेळ ठेवला आहे. कोळंबीवरचे प्रश्न मात्र कृपया घरी नेऊन सोडवावेत.